लालीबाईचं म्हणणं

यवतमाळ शहर संपून लोहाऱ्याचे कारखाने सुरू होतात, तिथे एका दालमिलच्या मागच्या वस्तीत लालीबाई राठोड भाड्याच्या खोलीत राहते. मिलमध्ये ती पोत्यांची तोंडं शिवते. शिलाईचं यंत्र वरून साखळीला टांगलेलं असतं. ते हातात धरायचं आणि पोतं पुढे आलं की तोंडावरून फिरवायचं. त्याच्या आवाजात शेजारणीशी बोलायचं म्हणजे तिच्या कानाला तोंड लावावं लागतं. बाकीच्या बाया लावतात, हसतात. लालीबाई यंत्राकडे बघत असते. सगळे तिला मावशी म्हणतात. ती बोलत नाही, एवढंच तिच्याबद्दल बहुतेकांना माहीत आहे.

ती मूळची उमरखेड तालुक्यातली, ढाणकीच्या पुढच्या एका तांड्यावरची. घरात गोरबोली आणि बाजारात मराठी, अशी बंजारा घरांतली पोरं वाढतात तशी ती वाढली, लग्न होऊन आली तीही तसल्याच तांड्यात. नवरा रामसिंग स्वभावानं गरम, पण कामाला खंबीर. त्याच्या शेताला लागून चुलतभाऊ रामधनचं शेत होतं. दोघांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, कुरबूर चालायची, आणि ती इतकी जुनी होती की तांड्यात कोणी तिकडे लक्ष देत नव्हतं. एका दुपारी त्याच धुऱ्यावर रामधननं रामसिंगच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. लालीबाई भाकरी घेऊन येत होती. तिनं ते पाहिलं. ती धावत पोचली तेव्हा रामसिंग शुद्धीवर होता. त्यानं पाणी मागितलं. तिनं पाजलं. मग तो म्हणाला, बादलला या शेतात ठेवू नको. बादल त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता.

रामधनला पोलिसांनी त्याच संध्याकाळी नेलं. पण तांड्याचा आपलाही एक न्याय असतो, त्याला नसाब म्हणतात. तांड्याचा नायक लखीराम यानं माणसं बसवली. लालीबाई भिंतीमागे बायकांत बसून ऐकत होती. बोलणं बराच वेळ चाललं आणि शांतपणे चाललं. एक माणूस तर गेलाच आहे, दुसरा फासावर किंवा जन्मभर आत गेला तर अजून एक घर बसेल, असं पंच म्हणाले. रामधनच्या घरच्यांनी लालीबाईचं शेत दरवर्षी वाहून, म्हणजे कसून द्यावं आणि तांड्यानं पोलिसांच्या भानगडीत पडू नये, असं ठरलं. नसाबात बाईला बोलावलं तरच ती बोलते. लालीबाईला कोणी बोलावलं नाही. निर्णय झाल्यावर पुरुष उठून गेले आणि एका म्हातारीनं येऊन तिला सांगितलं की तुझं बरं झालं.

खटला उभा राहायला वर्षं गेली. सेशन कोर्टात तिची साक्ष होती त्या सकाळी सरकारी वकील तिला पहिल्यांदा भेटले. ती त्यांना आपले वकील समजत होती. त्यांनी घाईत पण नीट समजावलं, की ते सरकारचे वकील आहेत आणि ती त्यांची साक्षीदार. कोर्टात पुकारा झाला तोही सरकार विरुद्ध रामधन असा. रामसिंगचं नाव त्यात नव्हतं, तिचंही नव्हतं. शेजारच्या शेतातले तिघे जण आधीच सांगून गेले होते की आम्ही काही पाहिलं नाही. लालीबाई एकटीच म्हणाली, मी पाहिलं. मग समोरचे वकील तिला विचारू लागले, की ती किती लांब होती, ऊन कोणत्या बाजूनं होतं, डोक्यावरची टोपली सावरताना मान खाली होती की नाही. तिनं उत्तरं दिली. मधे एकदा ती रामसिंग शेवटी काय बोलला ते सांगायला लागली, तर न्यायाधीश तिला म्हणाले, रागानं नाही, समजुतीनंच, की बाई, विचारलं तेवढंच सांगा.

संशयाचा फायदा देऊन रामधन सुटला. निकालाच्या दिवशी परतीची एकच एसटी होती. रामधन आणि लखीराम नायक पुढच्या बाकावर बसले, लालीबाई मागच्या. सगळा रस्ताभर तिला रामधनची मान दिसत होती. ढाणकीला उतरल्यावर नायकानं तिच्याकडे वळून, येतेस का आमच्यासोबत, असं विचारलं, कारण तांड्यापर्यंत जायला रिक्षा एकच होती. ती चालत गेली.

त्या उन्हाळ्यात ती बादलला घेऊन लोहाऱ्याला आली. मिलमध्ये आधी झाडायचं काम मिळालं, नंतर शिलाईचं. बादल इथेच वाढला. बोलका पोरगा, आईच्या अगदी उलट. वस्तीत गोरबोली बोलणारं दुसरं घर नव्हतं, त्यामुळे ती बोली त्या एका खोलीपुरतीच उरली. आईलेकाची भांडणं तिच्यातच व्हायची, आणि शेजाऱ्यांना कळू नये असं काही असलं तर तेही तिच्यातच. बारावी झाल्यावर बादलनं वर्षभर इकडेतिकडे काम केलं आणि मग एका एजंटामार्फत कुवेतला गेला. गोदामात सामान लावायचं काम होतं. राहायला कामगारांच्या वसाहतीत एक खोली, त्यात बरेच जण, आणि मजल्यावर सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर.

तिथे त्याला लखन भेटला. लखन पैनगंगेच्या पलीकडचा, तेलंगणातल्या एका तांड्यावरचा. मराठी त्याला येत नव्हती आणि बादलला तेलुगू, पण घरची बोली दोघांची एकच. बादल फोनवर खुशीत सांगायचा की इथे आपला एक गोर, म्हणजे बंजारा, सापडला. एकदा त्यानं व्हिडिओ लावून लखनला समोर आणलं. लाजाळू, किडकिडीत पोरगा होता. त्यानं लालीबाईला 'याडी' म्हणून हाक मारली, म्हणजे आई, आणि राम राम केला. तिनं त्याला जेवलास का म्हणून विचारलं.

भांडण शेगडीवरून झालं. कोणाची भाजी आधी, एवढ्यावरून. आधी शिव्या, मग ढकलाढकली. लोकांनी सोडवलं. लखन खोलीवर गेला आणि थोड्या वेळानं सुरी घेऊन परत आला. तो जाऊन परत आला, म्हणून तिथल्या कोर्टानं हे रागाच्या भरात झालं असं मानलं नाही. जाणूनबुजून केलेला खून म्हणून त्याला फाशी सुनावली.

ते नंतर. आधी नागपूरच्या विमानतळावर बादलची पेटी आली. लालीबाईनं ती तांड्यावर नेली, कारण दुसरीकडे कुठे न्यायची हे तिला सुचलं नाही. लग्न झालेलं नव्हतं म्हणून रिवाजाप्रमाणे बादलला पुरलं. तांड्यातल्या बाया तिच्या गळ्यात पडून सुरात रडल्या, गेलेल्याची एकेक गोष्ट गात गात, जशा त्या नेहमी रडतात. लालीबाईला रडण्याचा सूर लागला नाही. दोन दिवसांनी ती लोहाऱ्याला परतली आणि कामावर गेली.

पुढच्या वर्षी पायल नावाची एक तरुण वकील तिच्या खोलीवर आली. यवतमाळच्याच एका बौद्ध शिक्षकाची मुलगी. परदेशात अडकलेल्या कामगारांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं तिला लालीबाईला शोधायला सांगितलं होतं. ती पाटावर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली की कुवेतच्या कोर्टापुढे लालीबाईचं म्हणणं जायला हवं आहे.

लालीबाईला वाटलं पुन्हा साक्ष. ती म्हणाली, "म्या तं काहीच पाह्यलं नाई, बाई. मी इथं होती."

पायलनं सांगितलं, "तुम्ही पाहिलं का, हे ते विचारतच नाहीत, मावशी. तुमचा मुलगा गेला. त्याला मारणाऱ्याचं काय व्हावं, हे विचारतात."

मग पायलनं सावकाश सगळं उलगडून सांगितलं. तिकडच्या कायद्यात खून झाला तर मेलेल्याच्या घरच्यांना बोलायचा हक्क असतो. ते भरपाई घेऊन सोडू शकतात, काही न घेता सोडू शकतात, किंवा फाशीवर अडून बसू शकतात. लालीबाईनं माफ केलं तर लखनची फाशी टळेल. तो सुटणार नाही, जन्मठेपेवर तिथेच तुरुंगात राहील. नाही म्हटलं तर बहुधा फाशी.

लालीबाईनं विचारलं, "मंग आपल्या इकडं काहून नाई इचारत?"

पायलनं प्रामाणिक उत्तर द्यायचा प्रयत्न केला. आपल्याकडे खून हा सगळ्या समाजावरचा गुन्हा धरतात, म्हणून लढतं सरकार. घरच्यांवर दबाव आणून कोणी सुटू नये, पैसेवाल्यानं जीव विकत घेऊ नये, हा त्यामागचा विचार. तो चांगला विचार आहे, असं तिला शिकताना वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. पण मेलेल्याची बायको त्यात कोपऱ्यात राहते, हेही खरं. तिकडे आईला विचारतात, पण सगळा भार त्या आईवर टाकून कोर्ट मोकळं होतं. कोणतं बरं, हे मला सांगता येणार नाही मावशी, असं ती म्हणाली. मग लालीबाईनं तिला रामसिंगची सगळी गोष्ट सांगितली. बादल सोडून ती कोणाला सांगण्याची ही पहिलीच वेळ होती. पायल गेल्यावर तिच्या लक्षात आलं की चहा करायचा राहून गेला.

त्यानंतर तिची झोप गेली. मिलमध्ये पोत्यांची तोंडं वाकडी शिवली जाऊ लागली. जेवायला बसलं की लखनचा चेहरा समोर यायचा, तो व्हिडिओतला, आणि ती त्याला जेवलास का म्हणून विचारत असलेली. कधी वाटायचं, मरू दे. कधी वाटायचं, आपण हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, खोली तर तशीच राहणार. हे बोलायला कोणी नव्हतं. मराठीत तिला ते नीट मांडता येत नव्हतं, आणि ज्या बोलीत आलं असतं ती ऐकणारा तांड्यावर पुरलेला होता.

बातमी तांड्यावर पोचली तेव्हा लखीराम नायक स्वतः लोहाऱ्याला आला. आता म्हातारा झाला होता, काठी टेकत आला. लालीबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि त्याला खाट दिली. त्यानं गोरबोलीतच, हळुवारपणे समजावलं, की पोरगा आपल्याच गोरांचा आहे, तोही कोणाचा तरी मुलगा आहे, एक तर गेलाच आहे, दुसरा कशाला घालवायचा. बोलणं तेच होतं, जे तिनं भिंतीमागून ऐकलं होतं.

तीही गोरबोलीतच म्हणाली, "नायक, तवा तुमी मले इचारलं नाई. आता ज्याईनं इचारलं त्याईले मी सांगीन. तुमाले नाई."

तिनं आयुष्यात पहिल्यांदा नायकाला असं उत्तर दिलं होतं. म्हातारा रागावला नाही. काठी टेकून उठला. तिनं त्याला रिक्षापर्यंत पोचवलं. परत येऊन ती खोलीत बसली तेव्हा तिला बरं वाटायला हवं होतं, असं तिला वाटलं, पण वाटलं नाही.

नंतर सुखीबाई आली. सुखीबाई म्हणजे लखनची आई. आदिलाबादहून एसटीनं यवतमाळ, तिथून रिक्षानं लोहारा, विचारत विचारत. सोबत कोणी नव्हतं. पायलनं फोन करून आधी सांगितलं होतं, भेटायचं नसेल तर मी तिला परत पाठवते. लालीबाई म्हणाली, येऊ दे.

दारात एक काळीसावळी, लालीबाईच्याच वयाची बाई उभी होती. हातात पिशवी होती आणि ती पिशवी कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं. ती गोरबोलीत म्हणाली, "आत येऊ का, बाई?" बोलण्यात तेलुगूची लकब होती, पण शब्द घरचे होते. बादल गेल्यापासून या खोलीत त्या बोलीत लालीबाईशी बोललेला माणूस म्हणजे उपदेश करायला आलेला तो नायक, आणि त्यानंतर ही.

लालीबाईनं तिला आत घेतलं. सुखीबाई पाया पडायला वाकली तर तिनं पाय मागे घेतले. दोघी समोरासमोर भिंतीला टेकून बसल्या. सुखीबाईनं काही मागितलं नाही. बस कुठे थांबली, रस्ता किती खराब होता, असंच काहीबाही बोलत राहिली. मग तेही संपलं. दुपारची पाळी सुटल्याचा मिलचा भोंगा वाजला. लालीबाईनं विचारलं, "माह्या बादलचा जीव जाताना त्याच्याजोळ कोण होतं?"

सुखीबाई म्हणाली, "मले ठाऊक नाई."

"तुह्या पोराले इचारलं नाई?"

"मले भेव वाटते इचाराचं." आणि मग, "इचारतो. आता फोन आला का इचारतो."

जाताना तिनं पिशवीतून ज्वारीचं पीठ काढून दारापाशी ठेवलं. लालीबाईनं ते परत दिलं नाही, पण हातही लावला नाही. शेवटी शेजारणीनं नेलं.

तुरुंगातून फोन ठरलेल्या दिवशीच करता येतो, त्यामुळे उत्तराला वेळ लागला. एका सकाळी लालीबाई कामावर निघताना सुखीबाईचा फोन आला. तिचा आवाज बसलेला होता. तिनं लखनला विचारलं होतं. लखन म्हणाला, सुरी लागल्यावर तो पळाला. जिन्यावरून खाली पळाला आणि गाड्यांमागे लपून बसला. बादल स्वयंपाकघरात एकटाच होता. बाकीचे भिऊन खोल्यांत गेले होते. कोणीतरी बंगाली स्वयंपाकी खूप वेळानं आत गेला, तोवर संपलं होतं.

"जोळ कोणी नव्हतं, बाई," सुखीबाई म्हणाली. "माह्या लखननंच सांगतलं."

लालीबाईनं फोन ठेवला. त्या दिवशी ती मिलमध्ये गेली, यंत्र धरलं, आणि तासाभरानं ते सोडून पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन बसली. तिथे तिला रडू आलं. सूर वगैरे काही नव्हता. बाया तिच्याभोवती जमल्या, पाणी आणलं. एकीनं तिच्या कानाशी तोंड आणून काय झालं विचारलं, पण लालीबाईला काय सांगावं ते कळेना. सांगायचं तर अगदी पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी तिनं पायलला फोन करून कागद तयार करायला सांगितलं.

पायलला आश्चर्य वाटलं. नोटरीच्या कचेरीबाहेर बाकावर बसून वाट बघताना तिनं विचारलं की असं काय झालं. सुखीबाईनं काय सांगितलं ते लालीबाईनं सांगितलं. पायल गोंधळली. अशी गोष्ट ऐकून तर कोणीही नकार दिला असता, आणि सुखीबाईला हे माहीत असणारच.

"तिले ठाऊक होतं," लालीबाई म्हणाली. "तुह्या बादलचं डोस्कं मांडीवर घेऊन बसला होता माहा लखन, असं सांगतलं असतं तं म्या मानलं असतं. कोण पाहाले जाते तिथं? सोताच्या पोराचा जीव जाऊन राह्यला अन् बाई खोटं नाई बोलली. आमच्या केसमंधी सारेच खोटं बोलले."

पायलनं मजकूर मराठीत वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, की मी कोणत्याही दबावाशिवाय, राजीखुशीनं लखन यास माफ करीत आहे. लालीबाईनं तिला थांबवलं. दबाव नाही, हे खरं. राजीखुशी कुठली? ते काढा. माफ हा शब्दही काढता आला तर काढा, त्याला मारू नका एवढंच लिहा. पायलनं सांगितलं की त्या कायद्यात शब्द माफीचाच आहे, दुसरं काही लिहिलं तर कोर्टाला कळणार नाही. लालीबाईनं तो शब्द राहू दिला. मग राजीखुशी तेवढी खोडली, नवीन प्रत काढली आणि तिनं सही केली. भरपाई काही नको, असंही तिनं त्यात लिहायला लावलं होतं. कागद पुढे मुंबई, दिल्ली, वकिलाती, भाषांतर असे शिक्के घेत गेला.

निकाल कळायला बरेच महिने लागले. फाशी रद्द झाली, जन्मठेप झाली. पायलनं ते फोनवर सांगितलं तेव्हा लालीबाई मिलच्या नळावर हात धूत होती. बरं झालं, म्हणाली. पायल नंतरही दोनदा येऊन गेली, मग तिचं नागपूरला काम सुरू झालं. दिवाळीला तिचा फोन येतो.

सुखीबाई मात्र दर रविवारी फोन करू लागली. पहिल्या वेळी फक्त रडली. पुढे दोघी बोलायला लागल्या. कापूस कसा आहे, बकरी व्याली का, गुडघे दुखतात का. मुलांचं नाव दोघी घेत नसत. गोरबोलीतले कितीतरी शब्द लालीबाईच्या तोंडात पुन्हा आले, जे ती विसरलीच होती. रविवारी ती लवकर आंघोळ करून फोन जवळ घेऊन बसायची.

एकदा बोलता बोलता सुखीबाईच्या घरात दुसरा फोन वाजला. मागून कोणीतरी ओरडलं, लखनचा आहे. सुखीबाईनं चाललेलं बोलणं अर्ध्यात सोडलं. मग म्हणाली, ठेवतो बाई, आणि ठेवला. पुढच्या रविवारी ती कमी बोलली. त्याच्या पुढच्या रविवारी तिचा फोन आला नाही, नंतरही आला नाही. आपल्या मुलाचा आवाज आपल्याला महिन्यातून एकदा ऐकू येतो आणि लालीबाईला तिच्या मुलाचा येत नाही, हे मनात ठेवून कापसाच्या गोष्टी करणं सुखीबाईला जमेना, हे लालीबाई समजली. तिला राग आला नाही. तिनं स्वतःहून फोन केला नाही, कारण उचलला असता तर सुखीबाईला अजून वाईट वाटलं असतं.

काही आठवडे ती रविवारी फोन जवळ घेऊन घरीच बसून राहिली. मग तिनं मिलच्या मुकादमाला सांगून रविवारची सुट्टी बुधवारी करून घेतली. रविवारी एकच यंत्र चालतं आणि कामावर माणसं थोडी असतात. बाकीच्यांना तो दिवस नको असतो, म्हणून मुकादमानं लगेच हो म्हटलं.